ग्रीक अक्षरे, प्राकृत बोल : क्षत्रपकालीन छोटी नाणी आणि खानदेशातील नाणकअभ्यास

सारांश

इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत गुजरात, माळवा व उत्तर महाराष्ट्र या प्रदेशांवर सत्ता गाजविणाऱ्या क्षत्रपांच्या नाण्यांवर ग्रीक, खरोष्ठी व ब्राह्मी अशा तीन लिप्या आढळतात. ‘क्षत्रप’ ही पदवी मुळात मांडलिक अधिकाऱ्याची आहे. या नाण्यांवरील ग्रीक अक्षरांचा अर्थ, धातूनुसार बदलणारे त्यांचे स्वरूप, जोगलटेंभी येथील निधीचे महत्त्व आणि नहपानाच्या कालनिर्णयाचा प्रश्न यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. तांबे, शिसे व पोटीन या धातूंच्या छोट्या नाण्यांच्या स्थानिक नोंदींअभावी खानदेशाच्या प्राचीन इतिहासात राहिलेल्या उणिवेकडे लक्ष वेधणे हाही लेखाचा हेतू आहे.

बीजसंज्ञा : क्षत्रप, क्षहरात, नहपान, सातवाहन, पुनर्टंकन, कार्षापण, पोटीन, खानदेश.

१. प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने एक लहानसे तांब्याचे नाणे दाखवावयास आणले. शेतात सापडलेले ते नाणे घरच्या मंडळींनी चिंचेने घासून लख्ख केले होते. एका बाजूवर तीन कमानींच्या चैत्याची पुसट आकृती शिल्लक होती. दुसरी बाजू पूर्णतः गुळगुळीत झाली होती. चैत्याचे चिन्ह सातवाहनांच्या नाण्यांवर असते आणि पश्चिमी क्षत्रपांच्या नाण्यांवरही असते, त्यामुळे नाणे कोणाचे हे सांगता आले नाही. ते वजन करून पाहण्याचे त्या वेळी सुचले नाही आणि नेमके कोणत्या शिवारात सापडले हेही लिहून ठेवले गेले नाही. पुढील वर्षी चौकशी केली तेव्हा नाणे मोडीत गेले होते. नाणे घासून घरच्यांनी जेवढी हानी केली, तेवढीच नोंद न ठेवून शिक्षकानेही केली, याची टोचणी हा लेख लिहिण्यामागे आहे.

प्राचीन इतिहासाच्या अध्यापनात नाण्यांचा उल्लेख बहुधा साधनांच्या यादीत एका ओळीत येतो. विद्यार्थी ‘नाणी हे विश्वसनीय साधन आहे’ हे वाक्य पाठ करतात, परंतु एखादे नाणे नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही याची उकल होत नाही. नाशिक, धुळे व जळगाव या पट्ट्याच्या दृष्टीने ही उकल करण्यास क्षत्रपांच्या नाण्यांइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. ही नाणी आकाराने छोटी आहेत. त्यांवर एका दूरच्या संस्कृतीची लिपी आहे. आणि त्यांतील सर्वांत मोठा ज्ञात निधी आपल्या शेजारच्या जिल्ह्यातच सापडला आहे.

२. मांडलिक सत्ता व नाण्याचा अधिकार

नाणे पाडणे हा सार्वभौमत्वाचा अधिकार मानला जातो. तथापि प्राचीन काळी मांडलिक राजेही नाणी पाडीत असत, आणि कोणत्या धातूचे नाणे पाडावयाचे यावरून त्यांच्या अधिकाराची मर्यादा लक्षात येते. रोमन सत्तेच्या पूर्वेकडील मांडलिक राज्यांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. यहुदियाचा राजा हेरोद (इ.स.पू. ३७ ते ४) याने केवळ कांस्य नाणी पाडली आणि त्यांवरील लेख ग्रीक भाषेत होता. स्थानिक बाजारातील किरकोळ व्यवहार त्या नाण्यांनी चालत, मोठ्या रकमेसाठी बाहेरचे चांदीचे नाणे वापरले जाई. काळ्या समुद्राच्या उत्तर तीरावरील बोस्पोरन राज्यास मात्र सोन्याचे नाणे पाडण्याची मुभा होती, पण त्यावर कालांतराने रोमन सम्राटाची प्रतिमाही उमटू लागली. म्हणजे मांडलिकत्व एकाच साच्याचे नव्हते. ते कधी धातूच्या निवडीत दिसते, कधी प्रतिमेत, तर कधी पदवीत.

हाच निकष क्षत्रपांना लावून पाहता येतो. ‘क्षत्रप’ हा शब्द प्राचीन इराणी राज्यव्यवस्थेतून आलेला असून प्रांताचा रक्षक वा प्रांताधिकारी असा त्याचा अर्थ आहे. वायव्य भारतात शक व कुषाण यांच्या राजवटीत ही पदवी रूढ होती. पश्चिम भारतातील क्षत्रप आरंभी कुषाणांच्या अधीन असावेत, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. मात्र त्यांच्या नाण्यांवर कोणत्याही अधिराजाचे नाव नाही वा प्रतिमाही नाही. पदवी मांडलिकाची आणि नाणे स्वतंत्र, अशी ही स्थिती आहे.

३. भूमक ते नहपान : पदवीतील बदल

क्षहरात कुळातील पहिला ज्ञात क्षत्रप भूमक होय. त्याची नाणी तांब्याची आहेत. एका बाजूवर बाण व वज्र ही चिन्हे, तर दुसऱ्या बाजूवर सिंह व चक्र यांनी युक्त असे स्तंभशीर्ष दिसते. लेख खरोष्ठी व ब्राह्मी या दोन लिप्यांत असून त्यांत भूमक स्वतःला ‘क्षहरात क्षत्रप’ म्हणवितो. ‘राजा’ ही पदवी तेथे नाही. ही नाणी प्रामुख्याने गुजरात व सौराष्ट्राच्या किनारी भागात सापडली आहेत. खरोष्ठी ही वायव्येकडील लिपी पश्चिम किनाऱ्यावर वापरली जाणे, हेच या घराण्याच्या मूळ प्रदेशाविषयीचे सूचक आहे.

त्याच कुळातील नहपानाची नाणी मुख्यतः चांदीची आहेत. वजन सुमारे दोन ग्रॅम आणि व्यास दीड सेंटीमीटरच्या आसपास. दर्शनी बाजूवर उजवीकडे पाहणारा राजाचा मुखवटा व त्याभोवती ग्रीक अक्षरांतील लेख असतो. मागील बाजूवर बाण व वज्र ही भूमकाचीच चिन्हे असून ब्राह्मी व खरोष्ठी लेख आहेत. त्यांचे वाचन ‘राञो क्षहरातस नहपानस’ असे होते.

येथे एक बाब विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. नाण्यावर नहपान केवळ ‘राजा’ आहे, तेथे ‘क्षत्रप’ हा शब्द नाही. याउलट नाशिकच्या पांडवलेणीतील लेखांत त्याचा उल्लेख ‘राजा क्षहरात क्षत्रप’ असा येतो आणि जुन्नर येथील त्याचा अमात्य अयम याच्या वर्ष ४६ च्या लेखात तो ‘महाक्षत्रप’ झाला आहे. भूमक नाण्यावर क्षत्रप आहे पण राजा नाही. नहपान नाण्यावर राजा आहे पण क्षत्रप नाही. दोन पिढ्यांतील हे अंतर मांडलिकत्व क्षीण होत गेल्याचे निदर्शक मानता येईल. चांदीचे नाणे पाडणे आणि त्यावर स्वतःचा मुखवटा उमटविणे या दोन्ही गोष्टी त्याच दिशेने निर्देश करतात. हेरोदाला जे जमले नाही वा करू दिले गेले नाही, ते नहपानाने केले.

४. ग्रीक अक्षरे कोणासाठी?

नहपानाच्या नाण्यावर ग्रीक अक्षरे आहेत, यावरून पुष्कळदा असा समज होतो की तो लेख ग्रीक भाषेतील आहे. वस्तुस्थिती तशी नाही. अक्षरे ग्रीक असली तरी भाषा प्राकृतच आहे. ब्राह्मीत जे ‘राञो क्षहरातस नहपानस’ आहे, त्याचेच ते लिप्यंतर होय. ग्रीक वर्णमालेत ‘ह’ या ध्वनीसाठी स्वतंत्र अक्षर त्या काळी उरले नव्हते. म्हणून ज्या अक्षराचा ग्रीकमध्ये स्वर म्हणून उपयोग होई, तेच येथे ‘ह’साठी योजले आहे. रोमन लिपीत त्या चिन्हाचा उच्चार ‘ह’ असाच होतो. ठसा कोरणाऱ्या कारागिराला, अथवा त्याला मजकूर लिहून देणाऱ्या लेखनिकाला, निदान अक्षरांचे ध्वनी ठाऊक होते, हे यावरून स्पष्ट होते.

मग ही अक्षरे कोणासाठी होती? याचे उत्तर बाजारात शोधावे लागते. ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात भृगुकच्छ म्हणजे आजचे भडोच या बंदराचे तपशीलवार वर्णन आहे. मिनांदर व अपोलोदोतस या यवन राजांची ग्रीक अक्षरे असलेली जुनी द्रम्म नाणी त्या बंदरात अद्याप चालत असल्याचे तेथे नमूद आहे. या राजांना होऊन तेव्हा शतकाहून अधिक काळ लोटला होता. अर्थात, चांगले चांदीचे नाणे म्हणजे मुखवटा आणि त्याभोवती ग्रीक अक्षरे, अशी खूणगाठ व्यापाऱ्यांच्या मनात पक्की झाली होती. नहपानाने तेच रूप स्वीकारले. अक्षरे वाचण्यासाठी असण्यापेक्षा ओळखण्यासाठी होती.

आपल्याकडील एका अलीकडच्या उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. अठराव्या शतकात मराठ्यांच्या टांकसाळींतून निघणाऱ्या रुपयांवर फार्सी लेख व शाह आलमसारख्या मोगल बादशहाचे नाव असे. नाशिक जिल्ह्यातील चांदवडच्या टांकसाळीचा रुपयाही याच पठडीतला. तो हाताळणाऱ्या बहुसंख्य शेतकऱ्यांना व वाण्यांना फार्सी वाचता येत नव्हते आणि बादशहाची सत्ताही नाममात्र उरली होती. तथापि त्या लेखाविना रुपया हा रुपया वाटत नसे. त्याच बाजारात तांब्याची शिवराई मात्र देवनागरी अक्षरांची होती. चांदी दूरवर जाते, म्हणून तिला सर्वमान्य रूप लागते. तांबे गावच्या बाजारात फिरते, म्हणून त्यावर घरची लिपी चालते. भूमकाच्या तांब्यावर ग्रीक अक्षरे नाहीत आणि नहपानाच्या चांदीवर आहेत, या भेदाचे स्पष्टीकरण याच न्यायाने देता येईल. अर्थात हा नियम सर्वत्र लागू पडत नाही. चष्टनाचा पुत्र जयदामन याच्या चौकोनी तांब्याच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरांचे बिघडलेले अवशेष आढळतात.

या अक्षरांचा पुढील प्रवासही लक्षणीय आहे. नहपानानंतर उदयास आलेल्या कार्दमक घराण्यातील चष्टनाच्या नाण्यांवर ग्रीक लेख बऱ्याच अंशी वाचता येतो. त्याच्यानंतर खरोष्ठी लोप पावते. रुद्रदामनापासून पुढे ग्रीक अक्षरे निव्वळ शोभेची नक्षी होतात. त्याच वेळी मागील बाजूवरील ब्राह्मी लेख मात्र अधिकाधिक माहितीपूर्ण होत जातो. राजाबरोबर त्याच्या पित्याचेही नाव येते आणि जीवदामनाच्या काळापासून मुखवट्यामागे शक संवताचे वर्ष अंकांत लिहिले जाऊ लागते. प्राचीन भारतातील राजवंशांपैकी पश्चिमी क्षत्रपांची वंशावळ इतकी सलग जुळविता आली, ती या दोन सवयींमुळेच. चौथ्या शतकाच्या अखेरीस वा पाचव्याच्या आरंभी दुसऱ्या चंद्रगुप्ताने क्षत्रपांचा प्रदेश जिंकला. त्याने येथे पाडलेल्या चांदीच्या नाण्यांवरही त्या अक्षरांचे अवशेष दिसतात. कोणालाही न वाचता येणारा लेख सुमारे तीन शतके टिकून राहिला, तो केवळ विश्वासाचे चिन्ह म्हणून.

५. जोगलटेंभीचा निधी व पुनर्टंकन

सन १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्याच्या सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा निधी सापडला. त्यातील सुमारे १३,२५० नाण्यांचा अभ्यास रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी केला व १९०८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविला होता. म्हणजे निधीतील दर दहा नाण्यांपैकी सात पुनर्टंकित होती.

पुनर्टंकन म्हणजे जुने नाणे न वितळविता त्यावरच नव्या ठशाने प्रहार करणे. गौतमीपुत्राच्या ठशात एका बाजूला तीन कमानींचा चैत्य व त्याभोवती ‘राञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’ असा लेख आहे, तर दुसऱ्या बाजूला चार वर्तुळांचे उज्जैन चिन्ह आहे. नवा ठसा जुन्याला पूर्णपणे झाकीत नाही. चैत्याच्या कमानीखालून नहपानाचे नाक डोकावते, उज्जैन चिन्हाच्या कडेने ग्रीक वा ब्राह्मी अक्षरांचे तुकडे दिसतात. एकाच दोन ग्रॅमच्या तुकड्यावर पराभूत व विजेता दोघेही उपस्थित असतात.

या निधीवरून काही अनुमाने काढता येतात. पहिले, गौतमीपुत्राने क्षहरातांचा पराभव केला या गोष्टीला पाषाणलेखाव्यतिरिक्त स्वतंत्र पुरावा मिळाला. त्याची माता गौतमी बलश्री हिच्या नाशिक येथील लेखात क्षहरात वंशाच्या उच्छेदाचे श्रेय पुत्राला दिलेले आहे. परंतु तो लेख पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातील असून मातेने केलेली ती पुत्राची प्रशस्ती होय. नाण्याला प्रशस्तीचा दोष लागत नाही. दुसरे, नाणी वितळविली नाहीत याचा अर्थ त्यांचे वजन व कस नव्या सत्तेला मान्य होते. राजा बदलला, चलनमान बदलले नाही. तिसरे, सुमारे तीस टक्के नाणी पुनर्टंकित नसतानाही त्याच निधीत ठेवलेली होती. निधी जमा करणाऱ्याच्या लेखी दोन्ही प्रकारांचे मूल्य सारखेच असावे आणि विजयानंतरही जुनी नाणी चलनात असावीत. राजकीय घोषणा एक गोष्ट आणि बाजाराची मान्यता दुसरी, हा धडा यातून मिळतो.

नहपानाच्या मुखवट्यांविषयीही एक कुतूहलाचा प्रश्न आहे. या निधीतील मुखवटे एकाच व्यक्तीचे वाटत नाहीत. काही तरुण, काही वृद्ध, नाकाची व हनुवटीची ठेवण भिन्न. ते घराण्यातील निरनिराळ्या व्यक्तींचे असावेत असे स्कॉट यांनी सुचविले. दीर्घ राज्यकाळात राजाचे वय वाढत गेले, असा दुसरा तर्क आहे. कारागिरांनी प्रत्यक्ष राजा न पाहताच ठसे कोरले, हा तिसरा. मुखवटे भिन्न असले तरी नाव सर्वत्र नहपानाचेच आहे, ही गोष्ट मात्र विसरता कामा नये.

६. कार्षापणाचा हिशेब

नाणी सापडतात तेव्हा त्यांची किंमत कळत नाही. सुदैवाने नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याने कोरविलेला लेख या बाबतीत मोलाची माहिती देतो. त्याने ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायम ठेव, गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. त्यांपैकी २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने व १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने होते. पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे होते.

हा हिशेब वर्गात फळ्यावर मांडून पाहण्याजोगा आहे. दोन हजारांवर दरमहा एक टक्का म्हणजे वीस कार्षापण, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्षूंना बारा याप्रमाणे दोनशे चाळीस. एकही कार्षापण कमी नाही की जास्त नाही. सुमारे एकोणीस शतकांपूर्वीच्या दानपत्रामागे असा काटेकोर अर्थसंकल्प होता. आणि ठेव स्वीकारणारी संस्था सावकार नसून विणकरांची श्रेणी होती, हे त्या काळच्या पतव्यवस्थेचे उत्तम उदाहरण होय.

त्याच लेखात ७०,००० कार्षापणांची रक्कम २,००० सुवर्णांच्या बरोबरीची सांगितली असून एका सुवर्णास पस्तीस कार्षापण असा दर दिला आहे. क्षहरातांचे वा सातवाहनांचे सोन्याचे नाणे ज्ञात नाही. त्यामुळे हे ‘सुवर्ण’ कुषाणांचे की रोमन, असा वाद आहे. भृगुकच्छास रोमन सोन्याचांदीची नाणी येत व स्थानिक नाण्यांशी त्यांची फायद्याने अदलाबदल होई, असे ‘पेरिप्लस’कार सांगतो. नाशिकच्या डोंगरातील दानलेखात समुद्रापारच्या चलनाचा दर असा डोकावतो.

७. चिल्लर : तांबे, शिसे आणि पोटीन

आतापर्यंतचे विवेचन चांदीभोवती फिरले. परंतु भाजी, मीठ, तेल वा नावेचे भाडे यांसाठी चांदीचे नाणे सोयीचे नव्हते. ते व्यवहार कवड्यांनी, धान्याच्या अदलाबदलीने आणि हलक्या धातूंच्या नाण्यांनी होत. सातवाहनांची बहुसंख्य नाणी शिसे, पोटीन व तांबे यांचीच आहेत. पोटीन म्हणजे तांबे, कथील व शिसे यांचे हलके मिश्रण होय. क्षत्रपांनीही चांदीखेरीज तांबे, पोटीन व शिशाची नाणी पाडली. त्यांतील काही पोटीन नाण्यांवर राजाचे नाव नसून केवळ वर्षांक आहे. अशा नाण्याचा स्वामी कोण, हे त्या वर्षी कोण राज्य करीत होता यावरूनच ठरवावे लागते.

शिसे, तांबे व कथील हे धातू भृगुकच्छास आयात होत असल्याची नोंद ‘पेरिप्लस’मध्ये आहे. तेथून प्रतिष्ठान म्हणजे पैठण वीस दिवसांच्या अंतरावर आणि तगर म्हणजे तेर तेथून पूर्वेस सुमारे दहा दिवसांच्या अंतरावर असून, माल गाड्यांवरून मोठ्या बिकट वाटांनी बंदराकडे येतो, असेही त्यात म्हटले आहे. भडोचहून पैठणकडे जाताना तापीचे खोरे ओलांडणे अपरिहार्य होते. गिरणेच्या खोऱ्यातून वर चढून चाळीसगावजवळच्या घाटातून दख्खनच्या पठारावर जाणारी वाट आणि त्या घाटमाथ्यावरील पितळखोऱ्याची लेणी पाहता, या व्यापारी मार्गावर आजच्या धुळे व जळगाव जिल्ह्यांचे स्थान मध्यवर्ती होते असे म्हणता येईल. गिरणाकाठचे बहाळ आणि तापी-गोमाई संगमावरील प्रकाशे (१९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात) या स्थळांच्या उत्खननांनी येथील वस्तीचे प्राचीनत्व ताम्रपाषाण युगापर्यंत मागे नेले आहे. प्रश्न वस्तीचा नसून व्यवहाराचा आहे. या वाटेने जाणारा गाडीवान तापीकाठच्या बाजारात कोणते नाणे देत होता, सातवाहनांचे शिसे की क्षत्रपांचे पोटीन? या प्रश्नाचे उत्तर निधींपेक्षा शेतात सुटी सापडणारी नाणीच देऊ शकतात. कारण निधी हा कोणीतरी निवडून, साठवून ठेवलेला असतो. हातातून पडलेले चिल्लर नाणे मात्र ज्या जागी वापरले गेले त्याच्या आसपासच मिळते.

८. कालनिर्णयाचा पेच

अशा सुट्या नाण्यांचे महत्त्व का, हे नहपानाच्या कालनिर्णयाच्या वादावरून कळून येते. उषवदात व अयम यांच्या लेखांत ४१ ते ४६ ही वर्षे येतात. ती शक संवताची मानल्यास नहपानाचा काळ इ.स. ११९ ते १२४ असा येतो. हे मत दीर्घकाळ सर्वमान्य होते. परंतु ‘पेरिप्लस’मध्ये भृगुकच्छाच्या प्रदेशावर राज्य करणाऱ्या राजाचे नाव ‘मंबनोस’ असे दिले आहे. तो नहपानच असेल तर त्याला पहिल्या शतकात न्यावे लागते आणि ती वर्षे त्याच्या राज्यारोहणापासूनची वा अन्य गणनेची मानावी लागतात. जो क्रिब यांच्यासारखे नाणकशास्त्रज्ञ हेच मत मांडतात.

कच्छमधील अंधौ येथील चष्टनाच्या वर्ष ११ च्या लेखाने या वादाला नवे वळण मिळाले. हे वर्ष शक संवताचे धरल्यास चष्टन इ.स. ८९ मध्येच कच्छमध्ये सत्तेवर होता. मग नहपान इ.स. १२४ पर्यंत राज्य करीत होता असे मानल्यास दोन क्षत्रप घराणी शेजारीशेजारी तीन दशकांहून अधिक काळ नांदत होती असे म्हणावे लागते. नहपान पहिल्या शतकातील मानल्यास ती एकामागून एक आली असे होते. दुसरा पर्याय अधिक सुटसुटीत वाटतो. तथापि सुटसुटीतपणा हा पुरावा नव्हे. गौतमीपुत्राचा आणि पर्यायाने संपूर्ण सातवाहन कालपट या निर्णयावर अवलंबून असल्याने सुमारे अर्धशतकाचा हा फरक क्षुल्लक नाही.

हा पेच सोडविण्यास नव्या शिलालेखाची वाट पाहणे हा एक मार्ग आहे. दुसरा मार्ग म्हणजे उत्खननाच्या थरांत मिळालेली आणि सापडण्याच्या जागेची नोंद असलेली नाणी. कोणत्या नाण्यावर कोणाचा ठसा पुन्हा मारला आहे, कोणती नाणी एकत्र सापडतात, कोणती कधीच एकत्र सापडत नाहीत, यांवरून क्रम लावता येतो. जोगलटेंभीच्या निधीने नहपान आधी व गौतमीपुत्र नंतर हा क्रम निर्विवाद सिद्ध केला. तांब्या-शिशाच्या नाण्यांवरूनही असे क्रम लावणे शक्य आहे, मात्र त्यासाठी नोंदी हव्यात.

९. खानदेशात काय करता येईल?

चांदीचे नाणे सापडले तर त्याची निदान चर्चा होते. तांब्याचे मोडीत जाते, शिशाचे लोक फेकून देतात. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. परंतु एखाद्या सुट्या काळवंडलेल्या नाण्याच्या बाबतीत हे कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही. महाविद्यालयीन शिक्षकाला येथे कायद्याचा धाक दाखविण्यापेक्षा नोंदीची सवय लावणे अधिक साध्य आहे. त्यासाठी पुढील पथ्ये सुचवावीशी वाटतात.

(१) नाणे घासू नये. चिंच, लिंबू, राख वा विटकर यांचा वापर करू नये. हिरवट वा काळपट थराखाली अक्षरे सुरक्षित असतात, थर खरवडला की अक्षरेही जातात.

(२) नाणे कोणत्या गावाच्या, कोणत्या शिवारात, किती खोलीवर व कोणत्या निमित्ताने मिळाले हे त्याच दिवशी लिहावे. जागा न कळलेले नाणे ही केवळ वस्तू राहते, तिचा पुरावा होत नाही.

(३) वजन व व्यास नोंदवावा. महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागातील तराजू त्यासाठी पुरेसा आहे. लेख पुसला गेला तरी वजन व धातू यांवरून नाण्याची जात ओळखण्यास मदत होते.

(४) दोन्ही बाजूंची छायाचित्रे मोजपट्टी शेजारी ठेवून आणि प्रकाश तिरपा पाडून घ्यावीत.

(५) नाणे ज्याचे त्यास परत करावे व पुढे काय करावयाचे याची योग्य माहिती द्यावी. नोंद मात्र विभागाच्या वहीत कायम राहावी.

ही कामे खर्चाची नाहीत. धुळ्यात १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळाच्या रूपाने स्थानिक साधने जपण्याची परंपरा आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे मिळविली, तेव्हा त्यांतील बराचसा कागद लोकांच्या लेखी रद्दीच होता. नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० मध्ये स्थापन झालेल्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेने या विषयाच्या अभ्यासाचा पाया घातला आहे. खानदेशातील प्रत्येक महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने अशी एक वही ठेवली, तर पाच-दहा वर्षांत तापी व गिरणा खोऱ्यांतील सुट्या नाण्यांचा नकाशा तयार होऊ शकेल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या लघुप्रबंधासाठी यापेक्षा अस्सल विषय शोधण्याची गरज नाही.

१०. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. क्षत्रप ही पदवी मांडलिकाची असली तरी नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवरील मुखवटा, ‘राजा’ हे बिरुद व अधिराजाच्या नावाचा अभाव यांवरून त्याची सत्ता व्यवहारतः स्वतंत्र होती असे दिसते. त्याच्या नाण्यांवरील ग्रीक अक्षरे ग्रीक भाषेची निदर्शक नसून बाजारात रुजलेल्या एका विश्वसनीय रूपाची खूण आहेत. म्हणूनच ती अर्थ गमावल्यावरही शतकानुशतके टिकली. जोगलटेंभीचा निधी राजकीय विजय आणि चलनातील सातत्य या दोहोंचा एकाच वेळी पुरावा देतो. मात्र चांदीने सांगितलेला हा इतिहास राजांचा व व्यापाऱ्यांचा आहे. तापीकाठी हाट करणाऱ्यांचा इतिहास तांबे, शिसे व पोटीन यांच्या चिल्लर नाण्यांत आहे आणि तो अद्याप लिहिला गेलेला नाही.

प्रारंभी उल्लेखिलेले नाणे सातवाहनांचे होते की क्षत्रपांचे, हे आता कधीही कळणार नाही. पुढच्या वेळी एखादा विद्यार्थी मुठीत काही घेऊन वर्गाच्या दाराशी थांबेल, तेव्हा ‘हे कोणाचे?’ या प्रश्नाआधी ‘हे कुठे मिळाले?’ हा प्रश्न विचारला जावा आणि त्याचे उत्तर लिहून घेतले जावे, एवढीच या लेखामागील अपेक्षा आहे.